बिनडोळ्यांची जनावरं

परवा आमच्या गल्लीतली एक नवी सून दारात येऊन उभी राहिली. तोंडाला पदर, नजर खाली. "ताई, तुम्हाला पण झाला होता ना," एवढंच म्हणाली. काय झालं होतं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे या रोगाचं नाव घेत नाहीत. सतपुड्यातली माणसं वाघाचं नाव घेत नाहीत, तसंच. मी तिला आत बोलावलं, माझ्याच कपात चहा दिला, आणि मग ती रडली.

त्या पोरीसाठी हे लिहायला बसले आहे. औषधं कोणती, किती, ते डॉक्टर सांगतील आणि त्यांचं ऐकायचं. मी बरी झाले ती इंजेक्शनांनी आणि पावडरीनेच, यात मला शंका नाही. पण आजारपणात औषधाशिवायही बरंच काही घडतं, आणि ते कोणी सांगत नाही. त्यातला काही भाग ऐकून माझे शिकलेले भाऊ हसतात. हसू देत. मी पोरांना शिकवणारी बाई, बुवाबाजी दिसली की माझं डोकं फिरतं. तरी जे झालं ते झालं.

कोंबड्याचा रंग

म्हसावदला मी बालवाडी चालवायची. लिंबाखाली एक खोली, एक फळा, आणि खोलीत मावतील त्याहून जास्त पोरं. चित्रांचं पुस्तक एकच होतं, वरून आलेलं, गुळगुळीत पानांचं. त्यात जिराफ, पांढरं अस्वल आणि बर्फावर उभे राहणारे पक्षी. जिराफाचं पान उघडलं की एक पोरगी दरवेळी विचारायची, "बाई, या उंटनी मान कोनी वढी?" बर्फाचं काय सांगावं तेच मला कळायचं नाही. शेवटी ठरवलं, आपल्या पोरांसाठी आपल्या जनावरांचं पुस्तक आपणच करायचं. मोठं, रंगीत, एका पानावर एकच जनावर, बोट ठेवून ओळखता येईल असं. माझी सुमी तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्यासाठी पण.

आधी हात बसावा म्हणून भिंतीवर कोंबडा काढायला घेतला. तुरा रंगवताना खोकल्याची उबळ आली. पावसाळ्यापासून खोकला होताच, पण तो कोणाला नसतो. तोंडावर हात धरला, बाजूला केला तर हात लाल. मागून एक पोर म्हणाली, "बाई, कोंबडाना रंग सांडना."

मी हात भिंतीला पुसला. तुऱ्यालाच पुसला. पोरांसमोर दुसरं काय करणार? कोंबडा पुरा केला, डोळा काढला, पोरांना सोडलं आणि घरी जाऊन आडवी झाले.

काळी फिल्म

शहाद्याच्या डॉक्टरांनी धुळ्याला पाठवलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, माझ्या नवऱ्याला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. छाती माझी, रोग माझा, आणि सांगायचं यांना. मला इतका राग आला की भीती वाटायला जागाच उरली नाही.

हे बाहेर आले तेव्हा हातात बदामी कागदाचं जाड पाकीट होतं. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. हवापालट लागेल म्हणे."

यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. परतीच्या एसटीत मी पाकिटातली फिल्म ओढून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बरगड्या दिसल्या. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, काहीतरी पांढुरकं होतं. मी चित्रं काढणारी, मला आकार दिसतात. ते जनावर होतं. पाय पोटाशी घेऊन, डोकं आत दुमडून बसलेलं. पाठ दिसत होती, एक कान दिसत होता. तोंड दिसत नव्हतं.

यांना दाखवलं. "कुठे आहे जनावर?" म्हणाले, आणि फिल्म माझ्या हातातून घेऊन पाकिटात घातली. मग शहादा येईपर्यंत हे पाकीट मांडीवर दाबून बसले.

उंबरा

माझ्या सासूबाईंना घरात सगळे जिजी म्हणायचे. आम्ही पोचण्याआधीच जिजीला कळलं होतं. माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा झाला होता. माझी गोधडी तिने अंगणात जाळली, माझ्यादेखत. तिच्या माहेरचं अख्खं घर याच रोगाने रिकामं झालं होतं, त्यामुळे ती चुकली असं मी म्हणणार नाही. पण ती गोधडी मी माझ्या लग्नातल्या लुगड्यांची शिवली होती. माझ्यासमोर जाळायला नको होती.

नंदुरबारला दवाखान्यात भरती व्हायला निघाले त्या दिवशी जिजी सुमीला दोन्ही दंडांना धरून उंबऱ्याच्या आत उभी होती. मी अंगणात. पोरीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"मी गावाला जाऊन येते," मी म्हटलं. "तुला काय आणू?"

"वाघ," सुमी म्हणाली. "वाघ लई ये."

"अजून?"

"शेळी. कोंबडा. माकड. पन पयले वाघ."

आणते, म्हटलं. जिजीने तिला आत वळवलं. एसटीत बसले आणि तिथून पुढे वर्षभर मला एकच भीती होती. मरणाची नव्हे, मरणाचं माणूस काही ना काही करून जमवून घेतं. ही पोर मला विसरेल, ही भीती. तीन वर्षांच्या पोराच्या डोक्यातून आईचं तोंड किती लवकर पुसलं जातं, ते मी बालवाडीत पाहिलं होतं. म्हणून पुस्तक करायचंच, आणि सुमी मला विसरायच्या आत तिच्या हातात पडेल असं करायचं.

दुपार

नंदुरबारच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे, क्षयाच्या बायकांसाठी पत्र्याची एक लांब बराक होती. सकाळी इंजेक्शन. मग पावडरीच्या पुड्या, इतक्या की पोट त्यानेच भरावं. (गुळाच्या खड्याबरोबर घ्यायच्या, नाहीतर उलटून पडतात. त्या सुनेला मी पहिलं हेच सांगितलं.) दूध, अंडं, जेवण. आणि जेवणानंतर सक्तीची विश्रांती. बोलायचं नाही, उठायचं नाही, कूससुद्धा हळू बदलायची.

रात्रीला आम्ही कोणी भ्यायचो नाही. रात्री खोकले ऐकू यायचे, म्हणजे माणसं आहेत एवढं कळायचं. दुपारी खोकलासुद्धा दाबून धरायचा. पत्रा तापलेला, बाहेर पान हलत नाही, पांढराशुभ्र उजेड, आणि त्या उजेडात ओळीने बायका, डोळे मिटून सरळ पडलेल्या. पहिल्या दुपारी मला वाटलं, इथे जिवंत मी एकटीच आहे.

शेजारच्या खाटेवर रुमली डोकरी होती. धडगावच्या वरच्या डोंगरातली पावरा म्हातारी. ताप डोक्यात गेलेला असताना तिला लाकडाच्या ट्रकमध्ये घालून आणलं होतं. घरून कोणी येत नसे, इतक्या लांबून येणार कोण. माझं उकडलेलं अंडं ती बिनदिक्कत उचलायची आणि "तुले भूक नही" असं मलाच सांगायची. उशीत बिड्या लपवायची. घरी तिची पावरी बोली, माझ्याशी ती बाजारात शिकलेली अहिराणी बोले. भांडायला तेवढी पुरत होती.

औषधाचे रंग

सिस्टरला मी पुस्तकाचं सांगितलं. आधी ती नाही म्हणाली. मग एक दिवस एक्सरेची जुनी रिकामी पाकिटं आणून माझ्या खाटेवर टाकली, तीच ती जाड, बदामी. जे गेले त्यांची. आतून कोपऱ्यात नावं लिहिलेली होती. मी ती न वाचता दोन दोन कागद समोरासमोर चिकटवले, नावं आत गेली, आणि झकास टणक पान झालं.

रंग पण वॉर्डातलेच. घशाला लावायचं जांभळं औषध, जखमेचं लाल, मलमपट्टीचं पिवळं. धोब्याकडची नीळ. पिवळ्यात नीळ घातली की पोपट. लिंबाची काडी चावून चावून तिचा कुंचला केला. हत्ती जांभळा झाला, मोर निळा, कोंबडा असा लाल की बघत राहावं. पाच बोटं रंगलेली घेऊन मी जेवायला बसायची, तेव्हा सिस्टर म्हणायची, "तुम्ही आजारी आहात हे विसरता तुम्ही." विसरायचे खरंच. त्या वेळेपुरता जीव अगदी हलका व्हायचा.

बायका जमायला लागल्या. प्रत्येकीला आपलं जनावर पुस्तकात हवं होतं. फोटो कोणी काढलेला नव्हता, घरून कोणी येत नव्हतं. आपली म्हैस तरी एखाद्या पोराच्या हातात राहील, असं त्यांना वाटत असावं. खापर गावची सरू नावाची एक मुलगी होती, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, मन्ही शेयी काढा. एक कान फाटेल शे तिना."

मी शेळी काढली, फाटक्या कानाची, पांढरी, पोटावर तांबूस. सरूने उशाशी बसून सगळं सांगितलं, शिंग कुठे वळतं, दाढी किती. शेवटी काजळाने डोळा काढला. सरू पानाकडे बघून हसली. "हां. आते दखस मन्हाकडे," म्हणाली, जणू शेळी खरंच तिच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. आमच्या वॉर्डात याचा अर्थ एकच होता.

याआधी कोंबडा झाला तेव्हाही असंच झालं होतं. तो जिचा होता ती बाई डोळा काढल्यावर आठवडाभरात गेली. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आता सगळ्यांच्या आलं. जिची म्हैस काढायला घेतली होती ती म्हशीवाली बाई माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, मन्ही म्हैसले डोया नका काढू. तशीच ऱ्हावू द्या." मग दुसरी आली. मग तिसरी. मी शिकवणारी बाई, मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं. पण मला स्वतःलाच हात पुढे करवेना. त्यानंतर प्रत्येक जनावर मी पुरं रंगवलं आणि डोळ्याची जागा कोरी ठेवली. शेळीचा आणि कोंबड्याचा डोळासुद्धा बदामी रंगाने झाकून टाकला.

रवंथ

झाकला त्याच आठवड्यात दुपारी मला पहिल्यांदा ऐकू आलं.

सगळ्या पडलेल्या. आवाज खालून आला, खाटेच्या खालून. सावकाश, ओला, एका लयीत. आमच्या घरी गोठा, मला हा आवाज जन्मापासून ओळखीचा. कोणीतरी रवंथ करत होतं. मी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने दुसरीकडून आला, पलीकडच्या खाटेखालून. मग व्हरांड्यात खुरं वाजली, एकदाच, एखादं जनावर उभ्या उभ्या पाय बदलतं तशी.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "इंजेक्शनाने कान वाजतात बाई. तुम्हाला चक्कर पण येत असेल." येत होती. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हेही त्यांनी तपासून सांगितलं. मला हायसं वाटलं. रुमलीलाही तेच इंजेक्शन होतं, पण दुपारी मला आवाज सुरू झाला की नेमकी तेव्हाच ती पाय वर ओढून घेत असे. मी ते पाहिलं होतं.

एका संध्याकाळी तिने माझी पानं ओढून घेतली, एकेक उलटून बघितली आणि माझ्यावर भडकलीच. "तू त्यासले बलाई लई उनी, आनि आंधया ठेवात. आते त्या घर कशा जातीन?"

मग तिने सांगितलं ते असं. तिच्या गावात देवासाठी भिंतीवर घोडे काढतात. घोड्याचा डोळा सगळ्यात शेवटी. तो काढेपर्यंत घरातलं कोणी जेवत नाही. डोळा दिला की घोडा चालू लागतो. नाही दिला तर काढणाऱ्याच्या दारातच उभा राहतो, कारण कुठे जायचं ते त्याला दिसत नाही. आणि मी, शहाणी, बायका जाऊ नयेत म्हणून जनावरं अडवून धरली होती.

"मग बायका मेल्या तर?" मी विचारलं.

"मरनारी मरी," रुमली म्हणाली. "शेयीना काय गुन्हा?"

तरी मी डोळे काढले नाहीत. म्हशीवाली बाई रोज येऊन पान तपासून जायची, तिच्या तोंडाकडे बघून माझं धाडस होईना.

पुस्तक जातं

शेवटचं पान वाघाचं. पिवळं औषध, काळे पट्टे. उभा काढायचा होता, पण हात वळला तो बसलेलाच निघाला. पाय पोटाशी घेतलेला. रंगवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, ही पाठ मी एसटीच्या खिडकीत पाहिली आहे. तोंड मात्र मी समोर वळवलं होतं, आणि त्या तोंडावर डोळे नव्हते.

त्या रविवारी हे भेटायला आले. खाली बघत म्हणाले, "सुमी आता जिजीला आई म्हणते."

मी उठून बाहेर गेले. पानं व्हरांड्यात उन्हात ठेवली होतीच. सिस्टरचा नियम, वॉर्डातली कोणतीही वस्तू कडक उन्हात चांगली तापवल्याशिवाय बाहेर द्यायची नाही. जखम शिवायच्या दोऱ्याने मी पानं शिवली आणि यांच्या हातात दिली. "डोळे राहिलेत," हे म्हणाले. "असू देत," मी म्हटलं. "तिला सांगा, आईने पाठवलं. रोज सांगा."

पुस्तक गेलं त्या दिवसापासून वॉर्डातली दुपार मुकी झाली. खाटेखाली काही नाही, व्हरांड्यात काही नाही. रुमलीने पाय लांब सोडले. बायका निवांत झोपायला लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ती जनावरं कुठे गेली, हा विचार माझ्या मनात आला नाही.

पुढच्या खेपेला हे वेळेआधीच आले, एकटे, दाढी वाढलेली. सुमीला ताप होता. पुस्तक घरात आल्यापासून ती दुपारी जेवली की खाटेखाली जाऊन बसायची आणि कोणाशी तरी बोलायची. घरचे हसले. मग ताप चढला. तापात ती म्हणायची, "त्यासले पानी द्या."

वर्षभर मी त्या पोरीला हात लावला नव्हता, माझा श्वास तिला लागू नये म्हणून. आणि आता सगळा गोठा तिच्या खाटेखाली मीच पाठवला होता. "परत आणा ते," मी म्हटलं. "आजच्या आज आणा." मला ओरडता येत नव्हतं, ओरडलं की खोकला यायचा. पुढचे दिवस मी कसे काढले ते मला आठवत नाही. रुमलीने त्या दिवसांत माझं अंडं मला सोलून भरवलं, एवढं आठवतं.

काजळ

हे आले तेव्हा काखेत पुस्तक होतं आणि कान लाल नव्हते. आधी म्हणाले, "गोवर होता. निघाला, उतरला. भात खाल्ला काल." मग पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

पानापानावर काळे डोळे होते. काजळाचे, सुमीच्या बोटाच्या टोकाएवढे. काही जागेवर, काही कपाळावर, हत्तीला तर तीन. मोराच्या पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्यालाही एकेक ठिपका.

"तिला हे कोणी सुचवलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. जिजीने विचारलं, खाटेखाली कोणाशी बोलतेस. तर म्हणाली, शेयीशी. तिले घर सापडत नही. डोया नही ना तिले." हे थांबले. "मग जिजीने काजळाची डबी आणून दिली. ताप अंगात असतानाच. स्वतः पानं धरून बसली."

जिजीने. जिने माझी गोधडी जाळली, तिने.

"सगळे झाल्यावर सुमी झोपली," हे म्हणाले. "उठली ती ताप उतरलेलीच. खाटेखाली परत गेली नाही. फक्त वाघाला हात लावू दिला नाही तिने. म्हणे, वाघना डोया आई काढी."

बायकांना कळलं. एकेक येऊन आपलं पान बघून गेली. म्हशीवालीने आपलं पान दोनदा पाहिलं. दोन दिवस वॉर्डात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही, सगळ्या एकमेकींकडे बघत पडलेल्या. काही झालं नाही. आठवडा गेला, तरी काही झालं नाही. म्हशीवाली तर पुढे पायांनी चालत घरी गेली. सगळ्याच तशा गेल्या नाहीत, पण तो रोगच तसा होता.

वाघाचे डोळे

राहिला वाघ. मला तो काढवेना. माझ्या मनाने घेतलं होतं की हे माझंच पान आहे. डोळा दिला की गादी गुंडाळली जाणार ती माझी.

रुमली त्या सुमारास उतरत चालली होती. भांडत नव्हती, बिड्या तशाच पडून होत्या. एका दुपारी, विश्रांतीच्या वेळी, तिने हात लांब करून माझा पदर ओढला.

"माले वाट माहीत नही," ती म्हणाली. "टरकमा घाली लई उनात. मन्हा डोया मिचेल व्हतात."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. ती घरी जायच्या वाटेबद्दल बोलत होती. इथे मेली तर आपल्याला डोंगर सापडणार नाही, गावाची शीव सापडणार नाही, याची तिला भीती होती. वर्षभर तिने मला हे कळू दिलं नव्हतं.

"त्याना डोया काढ," रुमली म्हणाली. वाघाचं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही. त्यांच्या गावाच्या शिवेवर लाकडात कोरलेला तो असतो, वर चंद्र-सूर्य, त्याला ते देव म्हणतात. "तो मन्हा गावना शे. त्याले वाट माहीत शे."

मी उठून बसले. विश्रांतीत उठायचं नाही, तरी बसले. काजळ घेतलं. हात मांडीवर टेकवला. सुमीला सांगितलं होतं, वाघ आणते. बिनडोळ्याचा वाघ घेऊन कोणत्या तोंडाने जायचं? एक डोळा काढला, मग दुसरा. बुबुळं नेमकी डाव्या बाजूला वळली. डावीकडे रुमलीची खाट होती. ते लक्षात आलं आणि मी घाबरून काजळ पुसायला बोट उचललं.

"दखू दे," रुमली म्हणाली. "दखू दे त्याले."

पुस्तक त्याच पानावर उघडून मी खाटांच्या मधे, स्टुलावर उभं करून ठेवलं आणि आडवी झाले. छातीतून काहीतरी उठल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. खूप वेळ मांडीवर बसलेलं मांजर उठून गेलं की तिथे गार लागतं, तसं गार लागलं. मग खाटांच्या मधून काहीतरी गेलं. पावलांचा आवाज नव्हता, फक्त पत्र्याखालच्या त्या उकाड्यात एकदा वारा हलला आणि पुस्तक पडलं. मी डोळे उघडले नाहीत.

विश्रांतीची घंटा झाली. सगळ्या उठल्या. रुमली उठली नाही. तिचं तोंड दाराकडे होतं आणि पाय खाटेखाली सोडलेले होते, जणू चपला शोधत होती.

मी तिच्यासाठी आईसाठी रडावं तशी रडले. त्या डोकरीने माझी किती अंडी खाल्ली असतील. सगळी खायला हवी होती तिने.

घर

पुढच्या एक्सरेत माझी डावी बाजू स्वच्छ होती. डॉक्टरांनी या वेळी मला आत बोलावलं आणि मलाच दाखवलं. "औषधाने छान काम केलं," म्हणाले. मी हो म्हटलं, कारण ते खरंच होतं. त्या जागी एक बारीक रेघ राहिली होती. गवतात जनावर बसून उठलं की जागा दबलेली राहते, तेवढीच. डावा कान मात्र गेला तो गेलाच.

म्हसावदला उतरले तेव्हा भर दुपार होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं. हे पिशव्या घेऊन मागून येत होते, मी पुस्तक पोटाशी धरून पुढे. जिजी उंबऱ्यात होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. नवी गोधडी अंगणात दोरीवर वाळत होती. माझ्या नव्हे, तिच्या लुगड्यांची.

सुमी तिच्या मागून डोकावली. उंच झाली होती. माझ्याकडे बघत राहिली, आणि मला दिसलं की तिने मला ओळखलेलं नाही. डोळे खोल गेलेली, केस विरळ झालेली, हाडांची कोणी बाई दारात उभी होती. मी अंगणातच थांबले. उंबरा ओलांडवेना. वर्षभर जी भीती होती ती अशी समोर उभी होती, फ्रॉक घालून.

मी खाली बसले आणि पुस्तक उघडून शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. "वाघ आणला," मी म्हटलं.

तिने वाघाचे डोळे पाहिले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ. मग आत पळाली. मला वाटलं संपलं. पण ती परत आली ती मुठीत काजळाची डबी घेऊन. उंबरा उतरून माझ्याजवळ आली, बोट डबीत बुडवलं आणि माझ्या एका पापणीवर दाबलं, मग दुसऱ्या. जनावरांना लावलं होतं तसंच, जोर लावून. डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्यातून मला तिचं तोंड आधी पुसट आणि मग स्पष्ट दिसलं.

"आते दखास ना तुले?" सुमी म्हणाली. "आते ये घरमा."

तिने माझं बोट धरलं. उंबऱ्यावर चढताना ती थांबली, मागे वळली, माझ्या खांद्यावरून अंगणाच्या पलीकडे, रिकाम्या गल्लीत बघितलं, आणि बालवाडीत मी पोरांना सांगायचे त्याच आवाजात म्हणाली, "तू नही. तू बाहेरच बठ."

तो कोण ते मला कळलं. मी नाव घेतलं नाही, वळून पाहिलंही नाही. पोरीचा हात घट्ट धरला आणि आत गेले.